बंधाऱ्यावर परत मासं वर आलं, सॅम्पल नेमकं कुणी आणि कधी घ्यायचं?

पंचगंगा_काठ

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी इचलकरंजीत नोकरीला आहे पण आजोळ शिरोळ तालुक्यात, अगदी नदीला लागून. मामाच्या घरात तीन पिढ्या पंचगंगेवर मासेमारी चालत आली. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिकडंच असायचो, आजोबा पहाटे उठवायचे आणि हवा भरलेल्या ट्यूबवर बसवून तंगूस (बारीक नायलॉनचं जाळं) काढायला न्यायचे, कधी वांब कधी मरळ, शिंगाळा असला तर त्याचा काटा लागू नये म्हणून आजोबा स्वतः सोडवायचे. पहिल्या पावसाला चढणीचे मासे यायचे तेव्हा तर अख्खा गाव ओढ्यावर. सांगायचं एवढंच की त्या घरात पहिल्या पावसाची वाट बघितली जायची.

आता त्याच पहिल्या पावसाला मामाच्या पोटात गोळा येतो. या वर्षी वळवाचे दोन मोठे पाऊस झाले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे चारला मामाचा फोन, "मासं वर आलंय, येतोस का." गाडी काढून गेलो. बंधाऱ्याच्या भिंतीला लागून बॅटरी मारली तर पाणी काळं, वर फेस, करपलेल्या गुळासारखा आंबूस वास, आणि हजारो मासे तोंड वर काढून हवा गिळत होते. त्याचा आवाज येत होता हो, बारीक चपचप चपचप असा, सगळ्या भिंतीच्या कडेनं. तो आवाज अजून कानातनं जात नाही. उजाडेपर्यंत निम्मे मासे आडवे झाले. मग माणसं बुट्ट्या आणि पोती घेऊन आली, मामानं दोघातिघांना सांगून बघितलं की नेऊ नका खायला, कुणी ऐकलं नाही. मामानं एक मासा उचलला नाही, घाटावर बसून राहिला.

सकाळी सातपासून आम्ही फोन करत होतो. एका ऑफिसातली दोन माणसं दुपारी साडेबाराला आली, तोपर्यंत वरच्या बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढल्यानं ताजं पाणी आलेलं, फेस वाहून गेलेला. घाटाच्या कडेला एक कॅन भरला आणि गेली. रिपोर्टचं काय झालं ते आजपर्यंत कळलेलं नाही. दरवर्षी हेच चाललंय.

तर विचारायचं असं की हे मासे विषानं मरतात की आणखी कशानं, ते आपल्याला जागेवर ओळखता येतं का? त्या पट्ट्यातला जिवंत सापडलेला मासा विकावा का? आणि सॅम्पलचं करायचं काय, म्हणजे पुढच्या वेळी साडेबाराच्या आधी आपल्याच हातानं काही करता येतं का? मामा म्हणतो आता जाळी विकतो आणि टेंपोवर जातो. मामेभाऊ तर आधीच यंत्रमागावर लागलाय.

---

रसायन_मास्तर

मी जयसिंगपूर भागात शिकवतो, विषय रसायनशास्त्र, त्यामुळे तुमच्या प्रश्नातलं जेवढं माझ्या हातातलं आहे तेवढं सांगतो.

तुम्ही जे बघितलंत, तोंड वर काढून हवा गिळणं, पहाटेची वेळ, ही विरघळलेला ऑक्सिजन संपल्याची खूण आहे. माशाला पाण्यात लिटरमागे साधारण ४ ते ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, आपल्याकडे मत्स्यजीवनासाठी नदीच्या पाण्याचा जो दर्जा ठरवलाय त्यातही किमान ४ धरलाय. तो दोनच्या खाली गेला की कटला, रोहूसारखे मासे जास्त वेळ तग धरत नाहीत. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत, उलट वापरतात, म्हणून सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. दुपारी साडेबाराला ऊन असतं, पाणी हललेलं असतं, आकडा आपोआप सुधारतो. तुमचं सॅम्पल तिथंच हरलं.

ओळखायचं कसं तर मेलंय काय काय ते बघा. मोठे मासे आधी गेले, मरळ मात्र जिवंत आहे, तर ऑक्सिजन. मरळ थेट हवेतून श्वास घेते, म्हणून ती टिकते. पण लहान मोठं सगळं एकदम गेलंय, मरळसुद्धा, खेकडे, गोगलगायी, बेडूक मेलेत, मासे गोल गोल फिरत वेड्यासारखे उडत होते, दिवसाढवळ्या झालंय, तर पाण्यात विषारी काहीतरी आलं असा संशय घ्यायचा. दोन्ही एकत्रही होतं.

ऑक्सिजन का संपतो? पाण्यातला सेंद्रिय कचरा कुजवताना जिवाणू तो खातात. घाण कुजवताना असा किती ऑक्सिजन खाल्ला जाईल त्या मापाला बीओडी म्हणतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो, डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा, ज्याला आपण मळीचं पाणी म्हणतो, ४०,००० च्या पुढं जातो. म्हणजे तसला एक टँकर नदीत गेला तर दीडशे-दोनशे टँकर मैला ओतल्यासारखं. आणि उन्हाळाभर बंधाऱ्यात साचलेला गाळ पहिल्या पावसात ढवळून वर येतो, नाल्यात अडून बसलेलं सगळं एका रात्रीत खाली येतं.

खायचं म्हणाल तर मेलेला सापडलेला मासा अजिबात नको, किती वाजता मेला ते आपल्याला माहीत नसतं आणि उन्हाळ्यात दोन तासात खराब होतो. जिवंत मिळालेलाही त्या आठवड्यात त्या पट्ट्यातला विकू नका. शिजवल्यानं जंतू मरतात, धातू मरत नाहीत. कापड रंगवायच्या प्रोसेसच्या पाण्यातले धातू जास्त करून कलेजी आणि कल्ल्यांत साठतात, म्हणून एरवीसुद्धा या पट्ट्यातल्या माशाचं पोट नीट साफ करा, डोक्याचं कालवण पोरांना देऊ नका.

सॅम्पलचं सविस्तर रात्री लिहितो, आता तास आहे.

---

सुमनआक्का_सांगली

भाऊ तुझ्या मामाला माझा नमस्कार सांग. आम्ही पण भोईच, कृष्णेकाठचे. मालक जाळं टाकायचे आणि मी बाजारात बसायची, २५-२६ वर्षं बसले. घाटावर बसून राहिला म्हणून लिहिलंस ना, ते वाचून डोळ्यात पाणी आलं, आमचे मालक पण असेच बसायचे.

मी तुला बाजाराचं सांगते. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, नदीचा आहे ना? नदीचा म्हटलं की दोन पैसे जास्त द्यायचं. आता तेच गिऱ्हाईक विचारतं, नदीचा नाही ना? तळ्याचा असला तर दे. मी खोटं बोलून विकला नाही, त्याच्यापायी कितीदा बुट्टी तशीच परत आणली. आणि मासं वर आलेल्या दिवशी फुकट गोळा केलेला मासा शंभरला दोन किलो असा रस्त्यावर विकतात, त्या दिवसापासून पुढचे पंधरा दिवस आमचा चांगला मासा पण कुणी घेत नाही. हे नुकसान कुणी मोजत नाही बघ. मेलेले मासे दिसतात, बाजारात बसलेली बाई दिसत नाही.

आणखी एक. माझ्याकडं उधारीच्या जुन्या वह्या आहेत. घरं बदलली तरी टाकल्या नाहीत, सवय. परवा नातीनं काढल्या, तर त्यात प्रत्येक दिवसाला माशाचं नाव लिहिलंय कारण भाव वेगळा असायचा. वांब, मरळ, शिंगाळा, खवल्या, झिंगा. आणि शेवटच्या चार पाच वह्यांत पानंच्या पानं नुसतं चिलापी, चिलापी, चिलापी. मला वाचताना कसंतरी झालं. याचा तुम्हा शिकलेल्या माणसांना काही उपयोग होतो का?

---

कारखान्यातला_एक

नाव लिहीत नाही, मी साखर कारखान्यात प्रोसेसला आहे. माझ्यावर राग धरू नका पण सगळं मळीवर ढकलू नका असं मनापासून वाटतं म्हणून लिहितोय. कारखाने चोरून सोडत नाहीत असं मी म्हणणार नाही, सोडतात, पावसाच्या रात्री सोडतात हे मला माहीत आहे आणि ते चूकच आहे, पण मे महिन्यात गाळप बंद असतं. तेव्हा नदीत येतं ते शहराचं आणि गावांचं. कोल्हापूरचा जयंती नाला, दुधाळी नाला, इचलकरंजीचं सांडपाणी आणि प्रोसेस, आणि मधली सगळी गावं, एकाही गावाचं गटार दुसरीकडं कुठं जात नाही, नदीतच जातं. वर आपल्या उसाला दिलेलं खत पावसात धुऊन खाली येतं, त्यावर केंदाळ (जलपर्णी) पोसतं. केंदाळाचा थर चढला की खाली ऊनही जात नाही आणि हवाही लागत नाही.

आणि बंधारे. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुकडी, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. प्रयाग चिखलीपासून नरसोबाच्या वाडीच्या संगमापर्यंत जेमतेम ८० किलोमीटरची नदी आणि तिच्यावर ओळीनं हे. उन्हाळ्यात ती नदी राहतच नाही, एकामागं एक हौद होतात. पाणी पाहिजे म्हणून बर्गे घातले हे बरोबर, आमचं पण शेत त्याच्यावरच आहे. पण वरच्या हौदातली घाण एकदम सोडली की खालच्यातले मासे मरतात, त्याला कोण जबाबदार ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणूनच सगळे सुटतात.

---

पंचगंगा_काठ

दादा राग कशाला, तुम्ही लिहिलंत हेच खूप झालं. बर्गे काढायच्या आदल्या दिवशी काठावरच्या मच्छीमारांना कुणी साधा फोन तरी करतं का? मामाला विचारलं, आजवर एकदाही नाही.

आक्का, वह्या टाकू नका, पाया पडतो.

---

दाभोळ_खाडी

चिपळूणकडून. आमच्याकडे वाशिष्ठी आणि खाली दाभोळ खाडी, गोष्ट वेगळी नाही. लोट्याची औद्योगिक वसाहत वर आणि भोई, खारवी खाली. आमच्या वडिलांनी खाडीत मासे मेले म्हणून जितके अर्ज केले ते एकावर एक ठेवले तर हातभर होतील. तुमच्याकडे चढणीचे म्हणता त्याला आमच्याकडे वलगण म्हणतात. पहिल्या पावसात मासा अंडी घालायला वर चढतो, आणि नेमकं त्याच पाण्यात वर्षभराचं साठलेलं खाली येतं. म्हणजे त्या दिवशी मेलेला मासा मोजून भागत नाही, पोटात अंडी असतात त्याच्या. पुढच्या वर्षीचा मासा पण तिथंच गेला.

मी अनुभवानं एकच सांगतो, अर्जात "मासे मेले, कारवाई व्हावी" एवढंच लिहू नका. आमचे पहिले सगळे अर्ज तसेच होते आणि सगळे फाइल झाले. नुकसान किती, कुणाचं, रोजचं उत्पन्न आधी काय होतं, हे दाखवता आलं पाहिजे. तलावाचा ठेका असलेल्या सोसायटीकडे निदान कागद असतो, वाहत्या नदीतल्या नि खाडीतल्या माणसाकडे काहीच नसतं, सरकारदरबारी आपण मासे धरतो याचीच नोंद नाही. उरणकडच्या पारंपरिक मच्छीमारांनी हरित लवादात केस लढवली आणि २०१५ ला पुण्याच्या खंडपीठानं नुकसानभरपाईचा निकाल दिला, म्हणजे रस्ता आहे. लवादाकडे भरपाई मागायला घटनेपासून पाच वर्षांची मुदत असते हे लक्षात ठेवा, आमच्या बऱ्याच जणांची ती नुसती वाट बघण्यात गेली. त्यामुळं आक्कांच्या वह्या म्हणजे सोनं आहे. प्रत्येक पानाचा तारखेसकट फोटो काढून ठेवा.

आणि मासे राखले तर राहतात हेही बघितलंय. महाडजवळ वाळणकोंडला काळ नदीच्या डोहात देवीचे मासे म्हणून कुणी धरत नाही, हातभर लांबीचे मासे लोकांनी टाकलेल्या चुरमुऱ्याला वर येतात. तुमचा खवल्या त्यातलाच. डोह स्वच्छ म्हणून ते आहेत.

---

भिगवणकर

उजनीवरून. आम्हाला तर पुणे आणि पिंपरी चिंचवडचं सगळं पाणी येतं, मुळा मुठा, पवना, इंद्रायणी सगळ्या भीमेतच. चिलापी भरपूर आहे म्हणून बाजार चालू आहे, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मासा आहे की धरणात. पण चिलापी घाणीत पण जगते, ती आहे म्हणजे पाणी चांगलं असं नाही. आता तर जाळ्यात तो काटेरी काळा सकर मासा येतो, शोभेच्या टाकीतला, कुणी खात नाही आणि सोडवताना जाळं फाटतं. पाण्यात उतरलं की पायाला खाज सुटते, आमच्यातले बरेच जण आता पायाला तेल लावून उतरतात. मास्तर तुम्ही सॅम्पलचं लिहा, आम्हाला पण लागेल.

---

रसायन_मास्तर

उशीर झाला, माफ करा.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कोर्टात एखाद्या कारखान्याविरुद्ध चालणारं सॅम्पल १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यानंच, ठरलेल्या पद्धतीनं घ्यावं लागतं. आपण भरलेली बाटली त्याची जागा घेऊ शकत नाही. पण आपण पहाटे काय होतं ते दाखवू शकतो, आणि ते दाखवलं की त्यांना दुपारच्या पाण्यावर बोट ठेवून "सगळं ठीक" म्हणणं जड जातं.

ऑक्सिजन बाटलीत भरून नेता येत नाही, वाटेत बदलतो. तो जागेवर बांधावा लागतो. काचेची बुच असलेली बीओडी बाटली, ३०० मिलिलिटरची, पाण्याखाली तिरकी धरून बुडबुडा न राहता भरायची. मग मँगनीज सल्फेट दोन मिली, त्यावर अल्कली आयोडाइडचं द्रावण दोन मिली, ड्रॉपरचं टोक पाण्यात बुडवून सोडायचं, बुच लावून उलटसुलट हलवायची. आता बघा. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका येतो, जितका जास्त तितका गडद. ऑक्सिजन नसेल तर साका पांढरा राहतो. एवढ्याला आकडा लागत नाही, मोबाईलवर व्हिडिओ काढला तरी कळतं. आकडा पाहिजे असेल तर ती बाटली अंधारात ठेवून त्याच दिवशी लॅबमध्ये आणा, पुढची मोजणी (टायट्रेशन) मी करून देतो. हातमोजे घाला, दुसऱ्या द्रावणात कॉस्टिक असतं.

दोन ठिकाणी करा, बंधाऱ्याला आणि वर जिथं पाणी बरं आहे तिथं. एकाच ठिकाणच्या बाटलीला लोक म्हणतील तुमची द्रावणंच खराब.

फोटो काढताना लोकेशन आणि वेळ चालू ठेवा. आडवा होत असलेला, अजून कल्ले हलत असलेला एक मासा पिशवीत घालून बर्फात ठेवा, मेलेल्यांचा ढीग तपासायला उपयोगाचा नाही. प्रदूषण मंडळाला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला एकाच वेळी लेखी कळवा, ईमेलवर, म्हणजे किती वाजता कळवलं ते राहतं. तलाठी आणि ग्रामपंचायतीकडून पंचनामा करून घ्या. त्यात मासे कोणते कोणते ते नावानिशी लिहायला लावा, नुसतं "मासे" नको. आणि महिन्याभरानं माहितीच्या अधिकारात त्या सॅम्पलचा रिपोर्ट मागा. या वर्षीचाही आत्ता मागता येईल.

हे सगळं पहाटे चारला करू शकणारा माणूस एकच, तो म्हणजे पाण्यावर असलेला मच्छीमार. मामांनी जाळी विकली तर चार वाजताचा फोन कोण करणार?

२०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा शहर जागं झालं होतं, कारण नळाचा प्रश्न होता. त्याच्या कितीतरी आधी मासे सांगत होते.

---

सुमनआक्का_सांगली

मास्तर, माझ्या नातीनं तुमचं लिहिलेलं मला दोनदा वाचून दाखवलं. वह्यांचे फोटो काढतोय, रोज वीस पानं. काही ठिकाणी शाई उडालीय तिथं मी आठवून सांगते, पण ती म्हणते आज्जी आठवून नको, दिसतंय तेवढंच घेऊया. बरोबर आहे तिचं.

---

पंचगंगा_काठ

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. मास्तरांकडून द्रावणं आणि चार बाटल्या आणल्या. मामा आधी हो ना करत होता, म्हणाला हे पोरांचे शाळेतले खेळ. तरी आला. पहिली बाटली आम्ही प्रयाग चिखलीला जाऊन भरली, जिथं कोल्हापूरच्या वर नदी सुरू होते. द्रावण टाकून हलवली तर दोन मिनिटांत चहासारखी तपकिरी झाली. मामानं ती हातात घेऊन बराच वेळ उजेडात धरली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला आपल्या बंधाऱ्यावर, ट्यूबवर मामा आणि काठावर बॅटरी घेऊन मी. त्या दिवशी मासे मरत नव्हते, रोजचंच पाणी होतं. बाटली भरली, द्रावण टाकलं, हलवली. पांढरं. दूध फाटल्यासारखं पांढरं, खाली बसलं तरी पांढरंच. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं म्हणून दुसरी भरली, तीही तशीच. मामा काही बोलला नाही, दोन्ही बाटल्या पायजम्याला पुसल्या आणि म्हणाला याचा फोटो तुझ्या त्या आक्काला पण पाठव.

रिपोर्टसाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय, पोच मिळाली. ग्रामपंचायतीत मामा आणि आणखी सहा जण गेले होते, बर्गे काढायच्या आधी कळवा असा अर्ज दिलाय, त्यावर सगळ्यांच्या सह्या आणि मोबाईल नंबर आहेत. मामानं एक दोनशे पानी वही आणलीय, रोज काय लागलं, किती, कुठं, लिहितोय. पहिल्या चार दिवसात तीनदा "काही नाही" असं लिहिलंय, मी म्हटलं तेही लिहायचं.

जाळी अजून विकलेली नाहीत.

मास्तर एक विचारायचं राहिलं, द्रावणाच्या बाटल्या मामाच्या घरी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्यात, तिथं दुपारी ऊन येतं. चालेल का?

---

रसायन_मास्तर

नाही. आयोडाइडची अंधारात ठेवा, ट्रंकेत वगैरे, आणि लहान पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. कुलूप असलेलं काही असेल तर उत्तम. पुढच्या पावसाआधी नवी करून देतो, जुन्यावर विसंबू नका.